नाव कोरलेली ताटं

दिवाळीत फराळ घेऊन आलेली चार ताटं
अजून आमच्या फडताळात उभी आहेत.
रिकामं भांडं परत देऊ नये, म्हणून.
आमच्याकडे लक्ष्मीपूजन नाही,
तेव्हा उत्तराला नाताळपर्यंतची मुदत,
अशी भुसावळच्या या गल्लीत
पंचवीस वर्षांची समजूत आहे.

यंदा माझा उजवा हात प्लास्टरमध्ये.
बसस्टँडच्या पायरीवरून घसरले, नोव्हेंबरच्या अखेरीला.
करंजी लाटता येत नाही, वेणीसुद्धा घालता येत नाही.
सिलास यार्डात डब्यांचे दिवे दुरुस्त करतो,
चोवीसच्या रात्री नेमकी त्याची ड्यूटी.
दारातली चांदणी गेल्या वर्षीचीच,
एका टोकाला कॅलेंडरचं ठिगळ,
आत दिवा लावला की तिथे सतरा तारीख दिसते.

आणि पुण्याहून बहिणीने फोटो पाठवला:
छताला टेकलेलं झाड, त्याखाली खोकीच खोकी.
मी ‘छान’ लिहिलं, दोन फुलं टाकली
आणि फोन पालथा ठेवला.

रविवारी पाळकसाहेब म्हणाले,
समाधान उपजत नसतं, शिकावं लागतं.
मला तेवढ्यानंच बरं वाटलं.
म्हणजे या वर्गात नापास
मी एकटीच नाही.

तेवीसला रात्री सिलासनेच परात ओढली.
तारा जोडणाऱ्या बोटांनी मैदा मळला,
लाटलेली पोळी नकाशासारखी पसरली,
एकही शंकरपाळा दुसऱ्यासारखा नाही.
मी स्टुलावर बसून चुका मोजत होते, सवयीने.
एकोणिसाव्या चुकीला त्याने कपाळ पुसलं,
भुवईला मैदा लागला,
आणि मला पुढचा आकडा आठवेना.

मग ताटं पुसायला काढली, डाव्या हाताने.
तिसऱ्यावर बोट अडलं.
सौ. द्वारकाबाई भास्कर नेहेते.
टोचून टोचून कोरलेली अक्षरं, त्यात थोडी जुनी हळद.
भाऊबीजेनंतर आठव्या दिवशी त्या गेल्या.
त्या चकल्या त्यांच्या हातच्या शेवटच्या,
आणि मी, खरं सांगते,
तेल जरा जास्तच झालंय, असं म्हणत खाल्ल्या होत्या.

पंचवीसला उपासना सुटल्यावर
तेच ताट आधी घेऊन गेले.
भास्करराव अंगणात उकिडवे बसून
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होते,
पहिल्यांदाच, हे धुरावरून कळत होतं.
गाय विकल्यापासून रिकामी झालेली गव्हाण,
तिच्यात सरपण भरलेलं.
तिकडे मी जरा जास्त वेळ पाहत राहिले.

त्यांनी शंकरपाळे डब्यात ओतले.
कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला,
दोनदा.
मग त्याच ताटात गरम भरीत वाढलं, वर कांद्याची पात,
आणि माझ्या चांगल्या हातात दिलं.
‘घरात ताटं गंज हायेत, खाणारा एकला.
ठेव तुलेच, माय.’

म्हणजे ताट पुन्हा माझ्याकडेच.
फेडायला गेले आणि वाढवून आणलं.

प्रभो, आज मागण्यांची यादी केलेली नाही.
एवढंच सांगायचं होतं, की
आठव्या दिवशी का होईना, नळाला येणारं पाणी,
प्लास्टरच्या आत गुपचूप जुळत आलेलं हाड,
सकाळची ही थंडी, तिच्यातलं पांघरूण,
ही ताटं तू वर्षभर पाठवत राहिलास.
एकावरही तुझं नाव कोरलेलं नव्हतं,
म्हणून मी ती माझीच समजले,
आणि कितीतरी
रिकामीच ठेवून दिली.

सिलास ड्यूटीवरून येऊन झोपलाय, गणवेशातच.
नखांत अजून परवाचा मैदा.
भरीत झाकून ठेवलंय, कळण्याच्या भाकरीशेजारी.
उठला की दोघं एकाच ताटात जेवू,
द्वारकाबाईंच्या.